ग्रहविज्ञानात यायचंय? आधी लेबल वाचा, फोटो नंतर उघडा

मी ग्रहांच्या डेटावर काम सुरू केलं तेव्हा पहिले दोन महिने नुसते फोटो बघण्यात गेले, आणि चंद्राच्या एका इमेजमधे मी ज्यांना टेकड्या समजून खुणा करत बसले होते ते सगळे खड्डे निघाले, कारण ऊन कुठल्या बाजूने येतंय हे मी तपासलंच नव्हतं. प्रत्येक इमेजसोबत लेबल असतं, वेळ, फिल्टर, एक्सपोजर वगैरे त्यात लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. यान त्या क्षणी कुठे होतं, कॅमेरा कुठे रोखलेला होता आणि सूर्य कुठे होता हे काढायला स्पाइस नावाचं फुकट टूल आहे. थोडं किचकट आहे पण शिकाच.

दुसरं, यान म्हणजे उडता कॅमेरा असं डोक्यात असेल तर ते काढून टाका. एन्सेलॅडस घ्या, शनीचा जेमतेम ५०० किमी व्यासाचा चंद्र. २००५ मधे कॅसिनी हे यान त्याच्याजवळून गेलं तेव्हा मॅग्नेटोमीटरवर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या उपकरणावर, शनीचं चुंबकीय क्षेत्र तिथे वाकलेलं दिसलं, म्हणजे चंद्रातून काहीतरी वायू निघत असणार, म्हणून पुढची फेरी आणखी जवळून काढली आणि दक्षिण ध्रुवाशी उबदार भेगा आणि पाण्याची वाफ सापडली! आतलं पाणी तर कॅमेऱ्याला दिसणं शक्यच नव्हतं. चंद्राच्या ओढीत जागोजागी असलेल्या बारीक फरकांनी यानाचा वेग अगदी किंचित बदलतो, सेकंदाला एका मिलिमीटरपेक्षाही कमी, तेवढ्याने पृथ्वीवर पोचणाऱ्या रेडिओ सिग्नलची फ्रिक्वेन्सी सरकते आणि ती मोजता येते. दक्षिणेला जमीन खोलगट आहे म्हणून तिथे ओढ बरीच कमी भरायला हवी होती, पण तेवढी कमी भरली नाही, मग खाली बर्फापेक्षा जड काहीतरी आहे, म्हणजे पाणी, हा निष्कर्ष २०१४ मधे छापून आला. मला आजही हे वाचताना भारी वाटतं.

डेटासाठी कुणाची ओळख लागत नाही. नासाची प्लॅनेटरी डेटा सिस्टीम सगळ्यांना खुली आहे, इस्रोच्या प्रदान पोर्टलवर नाव नोंदवलं की चांद्रयानाचा डेटा मिळतो. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा कामापुरती येऊ द्या, बाकी करता करता येतं. एकच चंद्र आणि एकच उपकरण धरा, सगळीकडे हात घालू नका.

आणि जुन्या डेटाला शिळा समजू नका. नासाच्या मॅगेलन यानाने शुक्राच्या ढगांखालची जमीन रडारने टिपली, त्यातल्या फेब्रुवारी आणि ऑक्टोबर १९९१ च्या इमेज २०२३ मधे रॉबर्ट हेरिक आणि स्कॉट हेन्सली या शास्त्रज्ञांनी शेजारी ठेवल्या तेव्हा माट मॉन्स ज्वालामुखीवरचं एक विवर साधारण २.२ चौरस किमीवरून ४ पर्यंत वाढलेलं दिसलं. दोन्ही इमेज वेगवेगळ्या कोनातून घेतलेल्या, त्यामुळे विवर खरंच बदललं की फक्त बघायचा कोन बदलला हे ठरवायला त्यांना कॉम्प्युटरवर विवराची मॉडेल्स करून बघावी लागली.