दाताचं इम्प्लांट आपल्याला चालेल का? ठरवताना या चुका टाळा

दवाखान्यात फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "एका दाताचे किती घेता?" दुसरा, "किती दिवसांत होईल?" मला इम्प्लांट चालेल का, हे क्वचितच कुणी विचारतं, आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

सांगली-मिरजेत इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू रोवून त्यावर बसवलेला दात, आता नवलाचा राहिलेला नाही. टायटॅनियमला जबड्याचं हाड घट्ट धरतं, हे स्वीडनच्या डॉ. ब्रोनेमार्क यांनी दाखवलं आणि १९६५ साली त्यांनी पहिल्या पेशंटला असे दात बसवले. तेव्हापासून स्क्रू सुधारले, यंत्रं सुधारली. पण हाड धरायला काही महिने लागतात आणि ते काम पेशंटचं शरीर करतं. ते शरीर आज त्या तयारीत आहे का, एवढंच तपासायचं असतं. नेमकं तेच उरकून टाकलं जातं.

सकाळची साखर बघून होकार देणं

ही चूक मी सगळ्यात जास्त बघतो आणि मला तिचाच सगळ्यात जास्त राग येतो.

तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार. खालच्या दोन दाढा गेलेल्या. ऑक्टोबर छाटणी सुरू व्हायच्या आत दात बसवून मोकळं व्हायचं त्यांनी ठरवलं होतं. दुसरीकडे एका ठिकाणी गेले. तिथं बोटाला सुई टोचून साखर बघितली, उपाशीपोटी एकशेवीसच्या आसपास आली. त्याच दिवशी दोन्ही स्क्रू बसले. दोन-अडीच महिन्यांनी ते माझ्याकडे आले, तेव्हा एक स्क्रू शर्टाच्या खिशात कागदाच्या पुडीत होता. भाकरी खाताना हातात आला म्हणाले. दुसरा तोंडात होता, पण बोटानं हलत होता आणि हिरडी दाबली की पू येत होता.

मी विचारलं, "आप्पा, साखरेची गोळी वेळेवर घेता का?" ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "डॉक्टर, खरं सांगू का? तपासणीआधी चार दिवस भाताला हात लावला नव्हता. चहा बिनसाखरेचा. साखर जास्त निघाली तर डॉक्टर नको म्हणतील, म्हणून." एचबीएवनसी करून घेतली, १०.४ निघाली.

चार दिवस तोंड आवरलं तर सकाळची साखर खाली येते. एचबीएवनसी येत नाही. रक्तातल्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्यांना किती साखर चिकटली हे ती तपासणी सांगते, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब समोर येतो. साखर एवढी चढलेली असेल तर जखम सावकाश भरते, जंतुसंसर्ग लवकर होतो आणि स्क्रूभोवती नवं हाड तयार व्हायचं काम मंदावतं. स्क्रू परदेशी असला, महागातला असला, तरी त्यात फरक पडत नाही.

माझी पद्धत अशी. एचबीएवनसी सातच्या आत असेल तर मी निर्धास्त पुढे जातो. सात ते आठच्या मध्ये असेल तर फिजिशियनशी फोनवर बोलतो. आठच्या वर असेल तर थांबतो, कुणाचीही चिठ्ठी आणली तरी. अंगात रक्त फार कमी असेल तर एचबीएवनसीचा आकडाही फसवा येऊ शकतो, त्यामुळे हिमोग्लोबिन सोबतच करून घेतो. आप्पांचा दुसरा स्क्रू काढावा लागला. पुढचे बरेच महिने त्यांनी औषध आणि खाणं मनावर घेतलं, साखर आटोक्यात आली, हाड भरलं आणि मग दोन्ही दाढा नीट बसल्या. म्हणजे माणूस इम्प्लांटला योग्यच होता, त्या दिवशी नव्हता. "आज नको" आणि "कधीच नको" यातला फरक पेशंटला समजावून सांगायला दहा मिनिटं लागतात. ती द्यायचा कंटाळा करणाऱ्या डॉक्टरांनी हे काम करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

"औषध काही चालू नाही"

या उत्तरावर मी कधीच थांबत नाही. लोकांच्या लेखी औषध म्हणजे रोज घ्यायची गोळी. वर्षातून एकदा सलाईनमधून घेतलेलं इंजेक्शन त्यात धरतच नाहीत.

मिरजेच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, सत्तरीच्या आतबाहेरच्या. वरचे तीन दात बसवायचे होते. औषध विचारलं तर "काही नाही" म्हणाल्या. शेजारी बसलेली सून म्हणाली, "आई, ते हाडांचं सलाईन नाही का लावत दरवर्षी?" ते झोलेड्रोनिक ॲसिड होतं. हाडं ठिसूळ झालेल्यांना ते वर्षातून एकदा देतात. सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅब, आठवड्याला एकदा घ्यायची अलेंड्रोनेटची गोळी, ही सगळी याच कामाची औषधं. ती हाडाची झीज थांबवतात, पण जबड्यातली जखम भरताना तीच आड येऊ शकतात. क्वचित कधी जबड्याचं हाड मरतं, उघडं पडतं आणि महिनोन् महिने भरत नाही.

हाडांच्या ठिसूळपणासाठी हे औषध घेतलेल्या प्रत्येकाला मी नाही म्हणत नाही, कारण त्या मात्रेत धोका कमी असतो. किती वर्षं घेतलं, सोबत स्टेरॉईड आहे का, साखर किती, हे बघून त्यांच्या डॉक्टरांशी बोलून ठरवतो. कॅन्सर हाडात पसरला म्हणून हीच औषधं मोठ्या मात्रेत, महिन्याच्या महिन्याला चालू असतील तर मात्र मी इम्प्लांटला हात लावत नाही. आणि हे ऐकून स्वतःच्या मनानं औषध बंद करू नका. डेनोसुमॅबचा डोस चुकला तर मणके दबून मोडण्याचा धोका असतो.

त्या दिवसापासून माझ्याकडचा नियम: पहिल्या भेटीला घरातलं एक माणूस सोबत हवं आणि औषधांची अख्खी पिशवी हवी, जुन्या फायलींसकट. तोंडात बघायच्या आधी मी पिशवी टेबलावर रिकामी करून घेतो.

नुसत्या ओपीजीवर हाड मोजणं

ओपीजीवर, म्हणजे दोन्ही जबड्यांच्या सपाट एक्स-रेवर, हाडाची उंची दिसते, जाडी दिसत नाही. समोरून भिंत बघून ती नऊ इंची आहे की साडेचार इंची, हे सांगता येत नाही, तसंच हे. शिवाय त्यात आकार मोठा दिसतो, बऱ्याच मशिनींवर वीस-पंचवीस टक्क्यांनी. चार मिलिमीटर जाडीच्या स्क्रूला दोन्ही बाजूंना किमान एकेक मिलिमीटर हाड लागतं, म्हणजे सहा तरी हवंच. खालच्या जबड्यात ओठाला संवेदना देणारी नस जाते, तिच्यापासून दोन मिलिमीटर लांब राहावं लागतं. वरच्या दाढांवर सायनसची पोकळी असते, तिथं कधी कधी तीन-चार मिलिमीटरच हाड उरलेलं असतं. हे सगळं थ्रीडी स्कॅनमध्ये, म्हणजे सीबीसीटीत कळतं. स्कॅनचे पैसे वाचवायला निघालेल्या पेशंटला मी दुसरीकडे जायला सांगतो. नव्या डॉक्टरांनाही सांगणं आहे, स्कॅनची छापील फिल्म बघून भागवू नका. कॉम्प्युटरवर एकेक छेद सरकवत स्वतः बघा.

तंबाखू, मिसरी, बिडी

"मी सिगारेट ओढत नाही" म्हणणाऱ्या बायकांच्या हिरड्यांवर मिसरीचा काळा थर असतो, पण ती व्यसनात धरायची असते हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. पुरुषांच्या गालात चुना-तंबाखू असते. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण पंचविशीतली पोरं तोंड आखडलेली घेऊन येतात. मी त्यांना स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगतो. दोनच जात असतील तर मागच्या दाढेपर्यंत ड्रिल पोचणार नाही. आधी त्या आखडण्यावर उपचार, कारण पुढं त्यातून कॅन्सरही होऊ शकतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत इम्प्लांट फसण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट असतं. "ऑपरेशनच्या दिवशी ओढणार नाही" या आश्वासनाला काही अर्थ नाही. आधी दोन आठवडे आणि नंतर दोन महिने बंद, एवढं जमणार असेल तरच मी तारीख देतो.

आणखी काही चुका

पायोरिया तसाच ठेवून मधे स्क्रू बसवणं. मी आधी सफाई करतो आणि महिन्यानं पुन्हा बघतो. महिन्यात हिरडीतून पुन्हा रक्त यायला लागलं असेल, तर त्या माणसाच्या हातात अजून ब्रशच बसलेला नाही. तो बसेपर्यंत इम्प्लांट नाही.

गाडीवरून पडून पुढचा दात गेलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला घाईनं इम्प्लांट बसवणं. जबडा वाढतो, शेजारचे दात खाली सरकतात, स्क्रू जागेवरच राहतो आणि काही वर्षांत तो दात आखूड दिसायला लागतो. वाढ पूर्ण होईपर्यंत थांबा.

याच्या उलट, "आता वय झालं" म्हणून ऐंशीच्या आजोबांना परस्पर नकार देणं. तब्येत आणि हाड बरं असेल तर वयाची आडकाठी नाही.

दाढ काढून वर्षानुवर्षं जागा रिकामी ठेवणं. पहिल्या वर्षातच हाडाची निम्मी रुंदी जाऊ शकते, त्यातली बरीचशी पहिल्या तीन महिन्यांत. समोरची दाढ खाली उतरते ते वेगळंच. दाढ काढायच्या दिवशीच पुढचं विचारून घ्या.

रक्त पातळ करायची गोळी शेजाऱ्याच्या सल्ल्यानं बंद करून येणं. हे जिवावर बेतू शकतं. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही डोस चुकवू नका.

रात्री दात खाणाऱ्यांनी ते लपवणं. घरच्यांना ते ऐकू येतं, म्हणूनही मी सोबत माणूस बोलावतो.

आणि लग्नाची तारीख. मुलीचं लग्न वीस दिवसांवर आलंय, तेवढ्यात पुढचे दोन दात पक्के करून द्या, असं दर हंगामात कुणीतरी म्हणतं. अशा वेळी मी काढता-घालता येणारे तात्पुरते दात करून देतो, फोटोत कुणाला कळत नाही. एचबीएवनसीची चिठ्ठी त्याच दिवशी हातात देतो आणि स्कॅनला लग्नानंतर बोलावतो.