मॅग्नम रायफलच्या पितळी पुंगळ्यांची पारख

शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार रिकाम्या पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या कवचात, बंदुकीची दारू भरून परवान्याशिवाय काडतूस तयार करणे गुन्हा असल्याने नाशिकच्या नेमबाजाने ब्रँडची तुलना करण्याआधी ती बाब निकाली काढावी. पितळ बहुधा सारखेच असते, सुमारे ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त. फरक पडतो घडणीत. नॉर्मा, हॉर्नाडी किंवा विंचेस्टरच्या .३०० विंचेस्टर मॅग्नम (जास्त दाबाच्या एका रायफल काडतुसाचा प्रकार) पुंगळ्या एकाच लॉटमधून घेऊन अचूक काट्यावर तोलाव्यात आणि सरासरी वजनापेक्षा नगानगातील तफावत पाहावी. जड पुंगळीची भिंत सहसा जाड असल्याने आतली जागा कमी होते आणि तेवढ्याच दारूने दाब वाढतो; म्हणून एका ब्रँडसाठी ठरलेले प्रमाण दुसऱ्याला जसेच्या तसे लावू नये. माझ्या मते खरी कसोटी प्रायमरच्या, म्हणजे दारू पेटवणाऱ्या बुडातील छोट्या टोपीच्या, खोबणीची आहे, कारण मॅग्नमच्या दाबाने ती सैल झाली की पुंगळी बाद होते. पुंगळीच्या मानेवरची, म्हणजे गोळी बसते त्या अरुंद टोकावरची, निळसर झाक हा दोष नव्हे. तांबट भांडे ठोकताना ते तापवून मऊ करतात, तसेच येथे मानेपुरते केलेले असते. मात्र वापरलेल्या पुंगळीवर बुडाच्या पट्ट्याच्या किंचित वर चकाकती गोल रेघ दिसल्यास, ब्रँड कितीही महागडा असो, ती मोडीत काढावी.