आपल्या खेळाला साजेशी पॅडेल रॅकेट कशी निवडावी

पॅडेल म्हणजे काचेच्या भिंतींनी वेढलेल्या छोट्या कोर्टवर जोडीने खेळला जाणारा, टेनिससारखा खेळ. त्याची रॅकेट पहिल्यांदा हातात घेतल्यावर आपल्याकडच्या बॅडमिंटन खेळणाऱ्यांना जाणवते ते तिचे वजन. बॅडमिंटनची रॅकेट साधारण 80 ते 90 ग्रॅमची, तर ही बहुधा 340 ते 390 ग्रॅमची असते. तिला तारा नसतात, भोके पाडलेला भरीव पृष्ठभाग असतो आणि नियमानुसार तिची लांबी 45.5 सेंटिमीटरपेक्षा जास्त असू शकत नाही. त्यामुळे मनगटाच्या झटक्याने फटके मारण्याची सवय घेऊन दुकानात गेलेल्याची निवड सहज चुकते. माझीही चुकली होती. वेंगुर्ल्याहून गोव्यात पॅडेल खेळायला जाऊ लागलो, तेव्हा जोरदार स्मॅश बसावा म्हणून मी 375 ग्रॅमची, हिऱ्याच्या आकाराची रॅकेट घेतली आणि दोन महिन्यांतच माझे कोपर इतके दुखू लागले की विहिरीवरची कळशीसुद्धा त्या हाताने उचलवेना.

म्हणून सर्वांत आधी आपला खेळ प्रामाणिकपणे तपासावा. मागच्या काचेवर आदळून परतलेला चेंडू सलग आठ-दहा वेळा पलीकडे टाकता येत नसेल, तर आपण नवशिके आहोत, मग टेनिस किंवा बॅडमिंटन कितीही वर्षे खेळलेलो असू. अशा खेळाडूने गोल आकाराची, 350 ते 365 ग्रॅमची रॅकेट घ्यावी. गोल रॅकेटचा स्वीट स्पॉट, म्हणजे चेंडू सर्वांत चांगला बसतो तो भाग, मोठा आणि मध्यभागी असतो, त्यामुळे चेंडू थोडा बाजूला लागला तरी फटका वाया जात नाही. काचेचा अंदाज आला, लॉब (उंच टाकलेला चेंडू) आणि व्हॉली (टप्पा पडण्याआधीच मारलेला फटका) मनाजोगत्या पडू लागल्या, की थेंबाच्या आकाराची रॅकेट घेण्यास हरकत नाही. हिऱ्याच्या आकारात वजन वरच्या टोकाकडे झुकलेले असल्याने स्मॅशला जोर मिळतो, पण स्वीट स्पॉट लहान आणि वर सरकलेला असतो. ती रॅकेट तंत्र पक्के झालेल्यांसाठीच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वजनाच्या आकड्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, तोल महत्त्वाचा असतो. रॅकेट आडवी धरून एका बोटावर टेकवावी आणि ती जिथे स्थिर राहते तिथपासून मुठीच्या टोकापर्यंतचे अंतर मोजावे. ते बहुधा 25 ते 27 सेंटिमीटरच्या आसपास भरते आणि जितके जास्त भरेल, तितकी रॅकेट हाताला जड वाटते. एकाच मॉडेलच्या दोन रॅकेटच्या वजनात काही ग्रॅमचा फरक असतो, म्हणून शक्य असल्यास स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करून पाहावे.

पृष्ठभाग फायबरग्लासचा असेल तर स्पर्श मऊ राहतो, कार्बनचा असेल तर कडक. सुरुवातीला फायबरग्लास पुरेसे आहे. आतल्या गाभ्याबाबत मात्र किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी थोडा वेगळा विचार करावा. हा गाभा फोमचा किंवा ईव्हीए नावाच्या रबरासारख्या पदार्थाचा असतो आणि उष्णतेने नरम पडतो, त्यामुळे एप्रिल-मेच्या दुपारी अगदी मऊ गाभ्याची रॅकेट ढिली वाटते आणि चेंडू जोराने सुटत नाही. कोपर दुखत नसेल तर आपल्या हवेत मध्यम कडकपणाचा गाभा बरा. त्याच कारणाने किनाऱ्यावर उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत रॅकेट कधीही ठेवू नये.

मुठीचा प्रश्न आपल्याकडे घामाचा आहे. रॅकेट धरल्यावर बोटांची टोके आणि तळवा यांच्यामध्ये दुसऱ्या हाताचे एक बोट मावेल इतपत जाडी असावी. मूठ बारीक वाटल्यास ओव्हरग्रिप, म्हणजे मुठीवर लावायची पातळ पट्टी, गुंडाळून ती वाढवता येते. तिचे पाच-सहा ग्रॅम मुठीकडेच पडत असल्याने तोलही किंचित खाली येतो. दमट हवेत ती लवकर निसरडी होते, तेव्हा पिशवीत एक जादा ठेवावी. मनगटाची दोरी वापरणे नियमाने बंधनकारक आहे. घामेजल्या हातातून निसटलेली रॅकेट जोडीदाराला लागू शकते, म्हणून ती दोरी आणि तिची गाठही घेतानाच ओढून पाहावी.

शेवटी, विकत घेण्यापूर्वी कोर्टवर भाड्याने मिळणारी किंवा सोबत्याची रॅकेट मागून घ्यावी आणि चार फटके मारून न थांबता पूर्ण तासभर खेळावे. दंड दमलेला असतो त्या शेवटच्या पंधरा मिनिटांतही जी रॅकेट नेटजवळच्या व्हॉलीसाठी वेळेवर वर येते, तशाच वजनाची आणि तोलाची निवडावी.