इंगलबरो चढताना पाण्याचा माग काढा

राजगड-तोरणा केलेल्या माणसाला यॉर्कशरमधला ७२३ मीटरचा इंगलबरो टेकाडच वाटतो. लीड्सला राहायला आल्यावर मलाही वाटला. पहिल्याच खेपेत माझा पाय गुडघ्यापर्यंत भेगेत गेला आणि कळलं की चुनखडीवर चालणं नव्याने शिकावं लागणार.

क्लॅपहॅमकडून चढा, हॉर्टनला उतरा. दोन्हीकडे रेल्वे स्टेशन आहे, पण क्लॅपहॅमचं गावापासून दोनेक किलोमीटर लांब आहे. तेवढी चाल धरूनच निघा.

गावातून झाडीतली वाट इंगलबरो गुहेशी जाते. आई आली होती तेव्हा ती इथपर्यंतच आली, गुहा बघून खूश. गुहेजवळ डोंगरातून ओढा बाहेर पडतो, तो नीट बघून ठेवा. पुढे ट्रो गिलची अरुंद घळ लागते. हिमयुगाच्या शेवटी वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने ती कापली, आता कोरडी आहे. वरच्या टोकाला दगड पायांनी घासून गुळगुळीत झालेत, हात टेकायला लाजू नका.

घळीनंतर माळावर गेपिंग गिल. फेल बेक हा ओढा तिथे ९८ मीटर खोल विवरात सरळ पडतो. गुहेजवळ पाहिलेला ओढा तो हाच! १९८३ मध्ये पाणबुडे या दोन गुहांना आतून जोडणाऱ्या वाटेने पार गेले. काठाचं गवत निसरडं असतं, फोटोसाठी वाकू नका. मे अखेरीस आणि ऑगस्टमध्ये स्थानिक क्लब खुर्चीत बसवून तळाशी सोडतात. तो योग साधलात तर उत्तमच.

आपल्याकडे पाणी कातळावरून धावतं, इथे ते कातळ विरघळवत आत जातं. गडावर टाकं असेलच, या भरवशावर निघायची सवय सोडा. दोन लिटर पाणी पाठीवर हवं. दशम्या आणि लसणाची चटणी मी नेतोच, इथल्या थंडीत दोन दिवस टिकते.

माथा मात्र चुनखडीचा नाही, कठीण वाळूखडकाची सपाट टोपी आहे. माचीसारखा वाटतो, आणि कडेला जुन्या तटाचे दगडही आहेत. धुकं आलं की चहूकडे सारखंच दिसतं, म्हणून होकायंत्र आणि कागदी नकाशा हवाच.

हॉर्टनकडे उतरताना सुल्बरला पांढऱ्या-करड्या फरशांचा सडा लागतो. फरशीला इथे क्लिंट म्हणतात, मधल्या भेगेला ग्राइक. माझा पाय गेला तो इथेच. नेच्यांनी भेग झाकली होती. वाट सोडून फरशांवर गेलात तर पाऊल फरशीच्या मधोमध टाका, उड्या मारू नका. आपला काळा पत्थर बुटाला धरतो, ही ओली फरशी साबणासारखी सटकते. पाऊस असेल तर फरशांवर चढूच नका. कोरड्या दिवशी मात्र पोटावर झोपून भेगेत डोकवा. वरच्या माळावर मेंढ्या काही उरू देत नाहीत, आत मात्र हिरवेगार नेचे सुखात वाढतात.

सगळं मिळून सहा-सात तास धरा. हॉर्टनहून गाड्या थोड्याच आहेत, परतीची वेळ सकाळीच बघून ठेवा.