पोट्ट्यांना गे फुटबॉलपटूचा सिनेमा दाखवायचा तर

सोयाबीन निघाल्यावरच ठेवा. आधी पोट्टे संध्याकाळी आठलाच आडवे होतात. समाजमंदिराच्या भिंतीवर पांढरी चादर ताणा, खालच्या टोकांना विटा बांधा. नाहीतर वारा सुटला की गोलकीपरचं तोंड वाकडं होते. लाइनचा भरवसा नाही, इन्व्हर्टर मागून आणा.

गे फुटबॉलपटू आपल्या टीमला खरं सांगतो, अशी हसतखेळत गोष्ट निवडा. रडका सिनेमा नको. सुरुवातीला भाषणही नको; मी दिलं होतं, अर्धे खर्रा घोटत बसले.

पोट्टे कुठं हसतात, तिकडं कान ठेवा. हिरोच्या विनोदावर हसू द्या. हिरोवरच हसले, तर सिनेमा थांबवा आन् जोश कॅव्हॅलोचं सांगा: ऑस्ट्रेलियाचा व्यावसायिक फुटबॉलपटू, २०२१ मध्ये खेळता खेळताच त्यानं आपण गे असल्याचं जाहीर केलं. आपल्या देशातही सुप्रीम कोर्टानं २०१८ ला समलिंगी संबंध गुन्ह्यातून काढले, हेही सांगून टाका.

"मंग सर, आंघोळीचं कसं?" असं कोणीतरी विचारतेच. आपल्या मैदानावर एकच हापशी आहे बावा, म्हणा.

शेवटी एखादा चादर घडी करायला मागं रेंगाळला, तर दुसरं टोक धरा. त्याला काही विचारू नका.