पाडव्याआधी माळा उतरवताना

घर आवरायचे म्हटले की आपल्याला दिवाळी आठवते. पण अडगळ काढण्यासाठी मला फाल्गुन पौर्णिमेपासून गुढीपाडव्यापर्यंतचा पंधरवडा अधिक सोयीचा वाटतो. दिवाळीपूर्वी भिंतींतली पावसाची ओल पुरती गेलेली नसते आणि फराळाची धांदलही असते. फाल्गुनात मात्र हवा कोरडी असते आणि गच्चीवर टाकलेली गोधडी दुपारपर्यंत कडकडीत वाळते. शिवाय गुढीची काठी काढायला माळ्यावर चढावे लागतेच.

काही वर्षांपूर्वी एका रविवारी मी सकाळीच अख्खा माळा खाली उतरवला. बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. रद्दीवाला त्या दिवशी फिरकला नाही, जुने कपडे कोणाला द्यायचे यावर घरात एकमत झाले नाही, आणि रात्री साडेनऊला ते सगळे सामान, फक्त पुसून, पुन्हा वर गेले. तेव्हापासून वस्तू काढण्याआधी ती कोठे जाणार हे ठरवणे, ही मी या कामाची पहिली पायरी मानतो. रद्दीवाला आणि भंगारवाला कोणत्या वारी येतात ते विचारून ठेवावे, कपडे घेणाऱ्या संस्थेला कोणते कपडे चालतात याची फोनवर खात्री करावी आणि आपल्या भागात ई-कचरा कोठे स्वीकारतात याची चौकशी करावी. पुण्यात हे काम ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेमुळे बरेच सोपे झाले आहे. हे ठरल्याशिवाय शिडीला हात लावू नये.

दुसरी पायरी म्हणजे एका वेळी एकच ट्रंक किंवा एकच बोचके खाली घेणे. जमिनीवर जुनी चादर अंथरावी, नाकाला रुमाल बांधावा आणि शिडी धरायला दुसरे माणूस असावे; एकट्याने स्टुलावर स्टूल चढवण्याचे धाडस करू नये. उतरवलेल्या वस्तूचा निकाल त्याच दिवशी लावायचा. दुरुस्तीला टाकायची वस्तू असेल तर तिला पाडव्यापर्यंतची मुदत द्यावी. तोवर मिक्सर दुरुस्त झाला नाही, तर तो पुढेही होत नाही, असा माझा अनुभव आहे.

सर्वांत जास्त वेळ कपडे घेतात, तो त्यांना द्यावा. जुन्या सुती साड्या आणि धोतरे आधी बाजूला काढावीत, कारण गोधडीसाठी यांच्यासारखे मऊ कापड विकत मिळत नाही. धडधाकट कपडे धुऊन, बटणे तपासून द्यावेत. फाटका, डागाळलेला कपडा दान म्हणून पाठवणे म्हणजे आपली अडगळ दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकणे होय. कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण अजून तुमच्या गल्लीत येत असेल, तर तिच्याशी घासाघीस जरूर करावी, पण पाच साड्यांच्या बदल्यात घेतलेले नवे पातेले ठेवायचे कोठे, हेही आधी ठरवावे. आहेरात आलेले खण आणि ब्लाउजपीस हा वेगळाच विषय आहे. ते या घरातून त्या घरात वर्षानुवर्षे फिरत असतात, त्यामुळे आपल्याला ज्या घरून आले त्याच घरी परत जाऊ नयेत म्हणून त्यांवर चिठ्ठ्या लावाव्यात. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत चैत्रगौरीचे हळदीकुंकू असते, तेव्हा ते मार्गी लागतात.

ठेवायची पैठणी किंवा कोणतीही जरीची साडी उघडून तिची घडी बदलावी. वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिलेले रेशीम घडीवरच विरते. साडी स्वच्छ सुती कापडात गुंडाळावी आणि डांबरगोळी जरीला लागू देऊ नये. रेशमाला कडक उन्हात टाकू नये, सावलीतली हवा पुरेशी होते. गोधड्या, रजया आणि लोकरीच्या कपड्यांना मात्र चांगले ऊन दाखवावे. ते पूर्ण निवल्यावरच, वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून ट्रंकेत भरावेत.

तांब्या-पितळेच्या भांड्यांपाशी हात थबकतो. आजीचे नाव कोरलेला डबा मोडीत घालायचा की नाही, याचे उत्तर वजनकाट्यावर मिळत नाही. मी असे करतो, की रोज वापरता येईल असे एखादे भांडे ठेवतो आणि बाकीच्यांसाठी आधी नातेवाइकांना विचारतो. वापरायचेच असेल, तर आतली कल्हई तपासावी, कारण ती गेलेल्या भांड्यात ताक किंवा आमटी कळकते. मोडीत द्यायची भांडी घरी तोलून मगच न्यावीत. झाकण नसलेले प्लास्टिकचे डबे आणि डबा नसलेली झाकणे यांची जोडी लावून पाहायला दहा मिनिटे द्यावीत, त्यानंतर दया दाखवू नये.

कागदांसाठी मार्चअखेर योग्यच आहे. घराचे करारपत्र, शैक्षणिक प्रमाणपत्रे, जन्म-मृत्यूचे दाखले आणि विम्याची चालू कागदपत्रे कायम ठेवावीत. प्राप्तिकराचे कागद मी आठ वर्षे ठेवतो. खातेक्रमांक, पॅन किंवा आधार छापलेला कागद अखंड रद्दीत घालू नये, फाडूनच द्यावा.

जुन्या मोबाइलमधून सिम आणि मेमरी कार्ड काढावे, छायाचित्रे उतरवून घ्यावीत आणि मग त्यातील माहिती पूर्ण पुसावी. बॅटरी फुगलेली असेल तर ती दाबू किंवा टोचू नये. तो फोन वेगळा ठेवून ई-कचऱ्याच्या केंद्रावर सांगूनच द्यावा. सीएफएल दिवे आणि ट्यूबमध्ये पारा असतो, त्यामुळे त्या न फोडता पुठ्ठ्यात गुंडाळून द्याव्यात. मुदत संपलेली औषधे सामान्य कचऱ्यात मिसळू नयेत. होळीसाठी लाकूड मागायला येणाऱ्या मुलांच्या हाती प्लायवूडचे कपाट किंवा रंग दिलेली खुर्ची देण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्यांतील गोंद आणि रंग जळून निघणारा धूर विषारी असतो आणि तो आपल्याच खिडकीतून आत येतो.

माळा रिकामा झाला की कोरड्या फडक्याने पुसून एक दिवस उघडा ठेवावा आणि कोपऱ्यांत वाळवीची माती दिसते का ते टॉर्च लावून पाहावे. वर जाणाऱ्या प्रत्येक ट्रंकेच्या बाहेर आतल्या वस्तूंची यादी चिकटवावी. गुढी उतरवल्यावर तिची काठी सर्वांत शेवटी, पुढच्या कडेला ठेवावी, म्हणजे पुढच्या वर्षी तिच्यासाठी सगळे सामान उपसावे लागणार नाही.