चिकन कुठून घ्यायचं आणि घेताना काय बघायचं

पुण्यात नवीन राहायला आलेलं कुणीही आठवड्याभरात हे विचारतंच की चांगलं चिकन कुठे मिळेल. माझं साधं म्हणणं, ज्या दुकानातला पिंजरा रोज रिकामा होतो तिथून घ्या, मग ते कॅम्पातलं शिवाजी मार्केट असो नाहीतर तुमच्या गल्लीतलं दहा बाय दहाचं दुकान. रविवारी, बुधवारी सकाळी लवकर जा, रांग असेल, पण रांग असते तिथे माल पडून राहत नाही. सोमवार, गुरुवार, शनिवारी बरेच जण खात नाहीत, त्यामुळे त्या दिवशी ट्रेमध्ये कापून ठेवलेलं कालचं चिकन गळ्यात पडायची शक्यता जास्त. श्रावणातही तेच, रेट उतरलाय म्हणून खुश होऊ नका, समोर कापून द्या म्हणायचं.

कोंबडी स्वतः निवडायची. "भाई, ती मागची द्या, पावणेदोन किलोवाली" असं बिनधास्त सांगा, कुणी रागवत नाही. डोळे टक्क उघडे, तुरा लाल, शेपटीखालची पिसं कोरडी असली की झालं. मान टाकून कोपऱ्यात बसलेली नको, नाकातून पाणी येणारी तर नकोच. बॉयलर, म्हणजे मांसासाठीच वाढवलेली पोल्ट्रीतली कोंबडी, साधारण 35 ते 42 दिवसांत विक्रीला येते. जिवंत दीड ते दोन किलोची घ्या, कारण अडीच-तीन किलोच्या धुडाचं ब्रेस्ट कधीकधी कडक निघतं, त्यावर पांढऱ्या रेघा दिसतात आणि रश्श्यात कितीही मसाला घाला, चोथाच लागतो. आणि ते हार्मोनची इंजेक्शनं मारून फुगवतात वगैरे सोडून द्या, जात आणि खाद्य यांनीच ती एवढी भराभर वाढते. काळजी करायचीच तर अँटिबायोटिकची करा, कोंबड्यांना कोलिस्टिन नावाचं अँटिबायोटिक द्यायला 2019 मध्ये बंदी आली ती उगाच नाही.

पाटीवरचा रेट जिवंतचा की साफ केलेल्याचा हे आधीच विचारा, निम्मी भांडणं इथेच होतात. 2 किलोची जिवंत कोंबडी सोलून, पोट साफ करून 1.3 किलोच्या आसपास भरते. काळीज-पोटा मागून घ्या, जिवंतच्या रेटने घेतलं असेल तर त्याचे पैसे तुम्ही दिलेलेच आहेत. कापलेलं मांस फिकट गुलाबी हवं, बोटाने दाबलं की परत वर आलं पाहिजे. बुळबुळीत लागलं, हिरवट डाग दिसले किंवा आंबूस वास आला तर सरळ परत करा.

गावरानच्या नावाखाली मात्र जाम फसवणूक चालते. अंडी देऊन थकलेली तपकिरी लेअर कोंबडी गावरान म्हणून खपवतात. चोच बघा ना! पोल्ट्रीत कोंबड्या एकमेकींना टोचू नयेत म्हणून लहानपणीच चोचीचं टोक छाटतात, त्यामुळे चोच बोथट दिसली तर ती बहुतेक पोल्ट्रीतलीच. खरी गावरान अणकुचीदार चोचीची, अंगाने सडपातळ, छातीचं हाड हाताला लागणारी असते, आणि कुठल्याही दोन गावरान कोंबड्यांचा रंग सहसा सारखा नसतो. आठवडी बाजारात गावाकडच्या बाया दोन-चार कोंबड्या घेऊन बसतात ना, तिथे मिळण्याचा चान्स जास्त. ही सोलून घेऊ नका, पिसं काढून कातडीसकट जाळावर भाजून द्यायला सांगा, रश्श्याला ती चव दुसऱ्या कशाने येत नाही. कडकनाथ ही काळी कोंबडी वेगळी, मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथला 2018 मध्ये जीआय (त्या भागाची खास ओळख सांगणारं सरकारी मानांकन) मिळालाय, ती हौस म्हणून ठीक, पण वरून काळी दिसते म्हणून लगेच पैसे मोजू नका, खऱ्या कडकनाथचं मांस आणि हाडंसुद्धा काळपट असतात.

दुकानात जायचा कंटाळा असेल तर पॅकेटवालं किंवा ॲपवरून मागवलेलंही चालतं, फक्त पॅकिंगची तारीख आणि एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा खात्याचा) 14 आकडी परवाना नंबर बघा. फ्रोजन पॅकेटमध्ये बर्फाचे मोठे खडे असतील तर मध्ये कुठेतरी ते वितळून परत गोठलेलं असू शकतं, घेऊ नका. खाली लालसर पाणी खूप साचलं असेल तरी दुसरं उचला.

घरी आणलं की नळाखाली जोरात धुवू नका, शिंतोडे सगळ्या ओट्यावर उडतात आणि जंतूही, धुवायचंच असेल तर पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने धुवा आणि नंतर सिंक साबणाने घासा. फ्रिजमध्ये डब्यात झाकून सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा आणि दोन दिवसांत संपवा, नाहीतर लागेल तेवढे वेगवेगळे भाग करून आणल्या दिवशीच फ्रीझरला टाका.